फुल अँड फायनलमध्ये कालवड

चाकणच्या तळेगाव चौकात उभं राहून कुणाही पोराला "कुठं कामाला?" म्हणून विचारा, उत्तर एका शब्दात येतं. "कंपनीत." कुठली कंपनी, ती काय बनवते, तू तिथं नेमकं करतोस काय, हे विचारायची आपल्याकडं पद्धत नाही. विचारलं तर पोरगंही गडबडतं, कारण पुष्कळदा त्यालाच ठाऊक नसतं. त्याच्यासमोरून दिवसभर एक लोखंडी तुकडा जातो, तो त्याला दोन भोकं पाडतो, आणि तो तुकडा पुढं गाडीच्या कुठल्या अवयवात जाऊन बसतो हे त्या गाडीलाच माहीत. मीही सात वर्षं हेच उत्तर दिलं. फरक एवढाच, की माझ्या कंपनीला बावीस शेपट्या होत्या.

मी उदगीर तालुक्यातला. शेजारच्या देवणी गावाच्या नावानं गाईबैलांची एक अख्खी जात आहे. अंग पांढरं आणि तोंड काळं असेल तर वानेरा, सगळं पांढरं असेल तर बालंक्या, अंगावर काळे ठिपके असतील तर शेवरा. हे ज्ञान आमच्याकडं पोराला बाराखडीच्या आधी येतं आणि नोकरीच्या मुलाखतीत कुणी विचारत नाही. आमच्या दादांनी उभा जन्म जनावरांत काढला आणि त्यातून एकच निष्कर्ष काढला, की पोरानं शेणात हात घालायचा नाही. म्हणून मला आयटीआयला फिटर केलं आणि 2016 च्या जूनमध्ये उदगीरच्या स्टँडवर गाडीत बसवून दिलं. सकाळी पिंपरीला वल्लभनगरला उतरलो तेव्हा माझ्याजवळ एक बॅग, एक प्रमाणपत्र आणि म्हाळुंग्याच्या एका ठेकेदाराचा नंबर होता. ठेकेदार म्हणाला, "अकरा पोरं पाहिजे होती, अकरा झाली. सोमवारी ये." असे चार सोमवार झाले.

पाचव्या सोमवारच्या आधी गाय व्यायला झाली.

आम्ही सहाजण ज्या खोलीत राहत होतो ती शेठची. शेठ मूळचे शेतकरी. एमआयडीसीचे टप्पे पडत गेले तशी त्यांची जमीनही टप्प्याटप्प्यानं गेली. बटाट्याच्या रानात आता पेंट शॉप आहे आणि विहिरीच्या जागी वजनकाटा. आलेल्या पैशातून शेठनी पंचवीस खोल्यांची चाळ बांधली, फॉर्च्युनर घेतली, आणि आईनं हट्ट धरला म्हणून चाळीच्या मागं गाईंचा गोठा ठेवला. त्या रात्री दोन वाजता गोठ्यात आरडाओरडा झाला. वासरू अडलं होतं. एकच पाय बाहेर, दुसरा आत दुमडलेला. डॉक्टर नाशिक रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. रात्री दोनला ट्रॅफिक कसलं, असं विचारणाऱ्यानं चाकण पाहिलेलं नाही. 1660 साली फिरंगोजी नरसाळ्यांनी इथल्या संग्रामदुर्गावर शाइस्तेखानाला जवळजवळ दोन महिने अडवून धरलं, ह्याचं लोकांना अजून कौतुक वाटतं. तळेगाव चौक हे काम रोज करतो, आणि तेही कुणाची मदत न घेता.

मी बाही वर केली, कोपरापर्यंत तेल लावलं, आत हात घालून दुमडलेला पाय सरळ केला, आणि गाईच्या कळेबरोबर ओढ घेतली. वासरू आलं. त्याच्या नाकात काडी घालून शिंकवलं. शेठ बॅटरी धरून हे सगळं बघत होते.

"काय रं, कुठला तू?"

"लातूर जिल्हा."

"कंपनीत किती देणारेत?"

"साडेनऊ हजार."

"दहा देतो. खोली फुकट, दूध फुकट."

चाकण पट्ट्यात इतक्या झटपट कॅम्पस मुलाखत दुसऱ्या कुणाची झाली असेल असं मला वाटत नाही.

आता घरी काय सांगायचं? दादांनी ज्या शेणातून पोराला चारशे किलोमीटर लांब फेकला, तो बरोबर शेणातच पडला, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मी ठरवलं, खोटं एक अक्षर बोलायचं नाही. फोन केला. "लागलो कामाला." "कुठं?" "म्हाळुंग्याजवळ. मशीनवर." हे खरंच होतं, धार काढायचं दोन बकेटचं मशीन होतं. "शिफ्ट?" "दोन. सकाळची चारला सुरू होते." हेही खरं. "माल कुठं जातो?" "सगळा पुण्यात." खरं. पुढं एकदा मामानं खोदून विचारलं तेव्हा मी सांगितलं की आमच्याकडं क्वालिटीची फार कटकट असते, साडेतीनच्या खाली रीडिंग आलं की माल परत पाठवतात. मामा फार प्रभावित झाला. फॅटचं रीडिंग म्हणून साडेतीन ही काही मोठी गोष्ट नाही, पण मामाला वाटलं मायक्रॉनमध्ये असावं.

दिवाळीला गावी जाताना मात्र पुरावा लागायचा. खोलीतल्या वाशीमनं त्याच्या जुन्या कंपनीचा निळा शर्ट मला दिला होता. खिशावरचा शिक्का धुऊन धुऊन इतका विरला होता की ज्याला जी कंपनी वाचायची ती त्यानं वाचावी.

वाशीम म्हणजे वाशीमचा पोरगा. ह्या पट्ट्यात माणसाला नाव नसतं, जिल्हा असतो. आमच्या खोलीत वाशीम, जळगाव, दोन नांदेड, एक बीड आणि मी लातूर. दोन नांदेडांत फरक कळावा म्हणून एकाला नुसतं नांदेड आणि दुसऱ्याला किनवट म्हणायचे. शेठनी सात वर्षांत माझं नाव एकदा विचारलं, रेशनच्या कसल्याशा फॉर्मसाठी, आणि लिहून झाल्यावर विसरले. "ए लातूर, पेंड टाक." "लातूर, कालवडीनं दावं तोडलं बघ." गाईंना मात्र नावं होती. शेठच्या आईनं, आम्ही सगळे त्यांना आजी म्हणायचो, एकेकीला निरखून नाव दिलेलं. गंगी, राणी, साखरी, आणि लाथा मारणारी म्हणून करीना. शिवाय प्रत्येकीच्या कानात बारा आकडी नंबराचा पिवळा बिल्ला. सरकारनं दिलेला, जन्मभराचा. वाशीमचा गेटपास दर सात महिन्यांनी बदलायचा.

सात महिन्यांचं हे गणित बाहेरच्याला समजावून सांगावं लागतं. कंत्राटी पोराला सात महिने झाले की ब्रेक देतात. म्हणजे काढत नाहीत, थांबवतात. पोरगं गावाकडं जातं, सोयाबीन काढतं, परत येतं, नव्या ठेकेदाराकडं नव्या नंबरानं त्याच मशीनसमोर उभं राहतं. अशा ब्रेकांचं वाशीमला इतकं वळण पडलं होतं की लग्न झालं तर सात महिन्यांनी बायको काय म्हणेल ह्याची त्याला आधीच धास्ती.

आणि अशा ह्या वाशीमला आमच्या गोठ्यात एक दैवत सापडलं. चंद्रा नावाची एक गाय होती. तीन वर्षांत गाभण राहिली नव्हती. रेतन करायचं, एकवीस दिवस वाट बघायची, की परत माजावर. दूध नाही, वासरू नाही. शेठ दर शनिवारी म्हणायचे की हिला आज चाकणच्या बाजारात नेतो. आजी दारात आडव्या. जमिनीचा पहिला चेक आला त्याच दिवशी ही गाय दावणीला आली होती, त्यामुळं ती लक्ष्मी. तेव्हा काम शून्य, पण पेंड वेळेवर, मुरघास वेळेवर, डोक्यावर पंखा, काढून टाकायची सोय नाही. वाशीमनं हे सगळं एकदा शांतपणे ऐकून घेतलं, तिच्याकडं टक लावून पाहिलं, आणि म्हणाला, "अरे, ही तर परमनंट आहे!" तेव्हापासून तिचं नाव परमनंट. सुट्टीच्या दिवशी तो तिच्यासमोर स्टूल टाकून बसायचा. ती डोळे मिटून रवंथ करायची आणि हा तिचा जबडा बघायचा. एकदा विचारतो, "हिला ग्रॅच्युइटी असेल का रे?"

आमच्या गाई होल्स्टीन. होल्स्टीन हा जर्मनीच्या उत्तरेकडचा मुलूख. खराबवाडीच्या पलीकडं जर्मन गाड्यांचा कारखाना आणि अलीकडं आमच्या जर्मन गाई, त्यामुळं शेठ पाहुण्यांना सांगायचे की आपला दोन्ही बाजूंनी कोलॅबरेशनचा धंदा आहे. त्या गाड्यांना इथले खड्डे सोसत नाहीत आणि ह्या गाईंना इथलं ऊन. पण गाडीला वॉरंटी असते.

चारा विकतचा, कारण रानात पेंट शॉप. शिवाय एका कॅन्टीनचं उरलेलं अन्न यायचं, पोती भरभरून चपात्या. गाई तुटून पडायच्या. मी शेठना सांगून थकलो, की शिळ्या चपात्या आणि भात जास्त झाला की गाईच्या पोटात आम्ल होतं, रवंथ थांबतं, पोट फुगतं. शेठ म्हणायचे, "इंजिनियर खातात ते गाईला बाधतंय व्हय?" बाधत होतंच. माझं स्वतःचं मत असं, की इंजिनियरांनाही बाधत असावं, पण त्यांना रवंथ नसल्यामुळं कळत नाही.

खरी भानगड लोखंडाची. शेजारी भंगारचं गोदाम. तारा, वॉशर, खिळे, पत्र्याच्या चकत्या उडून वैरणीत यायच्या. गाय शेळीसारखी निवडून खात नाही, जीभ फिरवून गवताचा पेंडकाच आत ओढते. एकदा साखरी खाईना. पाठ कमानीसारखी उचललेली, उठता-बसता कण्हायची. डॉक्टर आले आणि म्हणाले, तार गिळलीय. गाईच्या पोटाला चार कप्पे, त्यातला दुसरा मधाच्या पोळ्यासारखा. जड वस्तू जाऊन त्यात पडते. तो कप्पा आकसला की तार पुढं सरकते आणि पुढं काळीज असतं. मग त्यांनी बॅगेतून बोटाएवढं गुळगुळीत चुंबक काढलं, नळीनं साखरीच्या घशात सोडलं आणि म्हणाले, राहू दे आत कायमचं. तारा-खिळे त्याला चिकटून बसतील, टोचणार नाहीत. आठवड्यात साखरी चरायला लागली. मग शेठनी सगळ्यांनाच चुंबकं गिळवली. गाईच्या डाव्या कोपरामागं छातीशी होकायंत्र नेलं की सुई फिरते, हे डॉक्टरांनी दाखवल्यावर तर खोलीतली सगळी पोरं मोबाइलमधलं कंपास उघडून रांगेत उभी. जळगाव व्हेंडरकडं इन्स्पेक्शनला होता. तो म्हणाला, एवढा माल पोटात घेऊन लाइन चालू ठेवणारं दुसरं मशीन मी पाहिलं नाही.

मशीनला सुट्टी असते, हा मुख्य फरक. भोसरीतल्या वर्कशॉपांना गुरुवार असतो, मोठ्या कंपन्यांना रविवार, दसऱ्याला मशीनला हार घालून पेढे वाटतात. गाईला वार नसतो. दिवाळीचे चार दिवस जायचं ते बदली माणूस ठेवून. एका मार्गशीर्षात मी येळवसची सुट्टी मागितली. आमच्याकडं वेळ अमावास्येला अख्खा गाव शेतात जातो. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा करायची, भज्जी आणि आंबिलीनं पोट फुटेस्तोवर जेवायचं आणि जो दिसेल त्याला जेवायला ओढून आणायचं. लातुरात त्या दिवशी शहरात माणूस दिसत नाही. शेठनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "पण अमावस्येला कोण सण करतं?" मी म्हणालो, "तुम्ही पोळा करताच की अमावस्येला." ते म्हणाले, "तो भादव्यात." आता आमचा पोळा श्रावणातल्या अमावास्येला आणि खेड तालुक्यातला भाद्रपदातल्या. म्हणजे मी गावाकडचा पोळा फोनवर ऐकायचो आणि महिन्यानं इथला करायचो. येळवसची सुट्टी मिळाली नाही. आजीनं मात्र कुठूनतरी सगळ्या शेंगांचे दाणे जमवून भाजी केली आणि म्हणाल्या, "ही घे तुझी भज्जी." ती भज्जी नव्हती. पण मी दोनदा घेतली.

2020 च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. कंपन्या बंद, मेस बंद, तळेगाव चौक मोकळा. तो मोकळा चौक बघायला मी मुद्दाम दुधाची किटली घेऊन गेलो, कारण असं दृश्य परत दिसायचं नव्हतं. खोलीतली पोरं मिळेल त्या वाहनानं गावी गेली आणि माझ्या खिशात मात्र कागद होता, अत्यावश्यक सेवा असा शिक्का मारलेला. ज्या पट्ट्यात मर्सिडीजचा कारखाना थांबला तिथं लातूर चालू होता. आईचा फोन आला, "सगळ्यांच्या कंपन्या बंद हैत, तुमची कशी चालू?" मी म्हणालो, "आमचं प्रॉडक्शन थांबवता येत नाही, आई." आईनं हे गावभर सांगितलं. त्या महिन्यात मला दोन स्थळं आली.

मग 2022 उजाडलं. आदल्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना वाट मोकळी केली होती आणि मे महिन्यात चिखलीत अशी शर्यत झाली की बक्षिसात जेसीबी. बैल पळवून जेसीबी मिळवायचा, म्हणजे पुढं बैलाला काम नको, असा हा व्यवहार. शेठ पंधरा दिवस त्याच धुंदीत होते. आणि त्याच वर्षी पावसाळा सरता सरता लम्पी आला. जनावरांचे बाजार बंद, ने-आण बंद. आम्ही रोज संध्याकाळी एकेकीच्या अंगावरून हात फिरवून गाठी शोधायचो. त्याच्यावर मला विनोद सुचत नाही. आमच्या बावीसच्या बावीस वाचल्या, एवढं सांगतो.

2023 च्या दिवाळीत दादांना जिना चढताना पाहिलं. गुडघे गेले होते. घरी तीन जनावरं आणि धार काढायला आई. परत आल्यावर मी शेठना म्हणालो, जातो.

शेठ आधी दोन हजार वाढवून देतो म्हणाले. मग गप्प बसले. मग म्हणाले, "करीनाला तूच सांग."

खोलीत मात्र उत्साह पसरला. वाशीमला सात वर्षांत राजीनामा द्यायची संधी कधी मिळाली नव्हती, त्याला नेहमी नुसतं थांबवत. त्यानं माझा राजीनामा मोबाइलवर टाइप केला. "महोदय, वैयक्तिक कारणास्तव." किनवटनं विचारलं, नोटीस पिरियड किती? जळगाव म्हणाला, अनुभवाचा दाखला घे, पुढं लागतो. शेठच्या मुलानं एमबीए केलेलं, त्यानं लेटरहेडवर दाखला काढला. पदाच्या जागी 'डेअरी ऑपरेटर' असं होतं आणि नावाच्या जागी 'लातूर'. दाखवल्यावर त्यानं जीभ चावली आणि दुरुस्त करून दिलं.

माझ्या जागी यवतमाळ आला. त्याला सगळं शिकवलं. कुणाला मशीन चालतं, कुणाला आधी हातानं दोन धारा काढाव्या लागतात. कासेचा एखादा भाग दगडासारखा लागला तर लगेच बोलायचं. पण करीनानं पान्हा चोरला. तीन दिवस. कास भरलेली आणि दूध अर्ध्यावर. यवतमाळनं गाणी म्हणून पाहिली. शेवटी आजी म्हणाल्या, "तिला माणूस दिसत नाही, वास येतो. ह्याला लातूरचा शर्ट घाल." निळा शर्ट यवतमाळच्या अंगावर चढला. करीनानं एकदा हुंगलं आणि कास सोडली. अशा रीतीनं माझ्याकडं कंपनीचा जो एकमेव पुरावा होता तो गोठ्यातच जमा झाला.

हिशेबाच्या दिवशी शेठनी पैसे मोजून दिले आणि वर म्हणाले, "ती करीनाची कालवड घेऊन जा. फुल अँड फायनल." आठ महिन्यांची, कपाळावर पांढरा ठिपका, कानात बिल्ला. तिच्या पोटात चुंबक नाही, हे डॉक्टरांनी आवर्जून सांगितलं आणि तब्येतीचा दाखला दिला. उदगीरची एक परतीची गाडी मिळाली. शेठ निरोप द्यायला आले नाहीत, त्यांना चाकणला काम निघालं. परमनंट बसली होती, उठली नाही. मोशी, हडपसर, टेंभुर्णी, बार्शी करत रात्रभर कालवडीला थोपटत होतो. भोसरीच्या पुलावर मागं वळून पाहावं असं मनात होतं, पण तिनं नेमका तेव्हाच पायावर पाय दिला.

पहाटे गावात पोहोचलो. दादा ओट्यावर बसलेले. गाडीचं फाळकं पडलं, मी कालवड उतरवली आणि तिच्या मागून वळसा घालून पुढं आलो. दादांनी तिचे दात पाहिले, कानातला बिल्ला वाचला, मग माझ्याकडं पाहिलं. मी सात वर्षांची तयारी केलेली वाक्यं मनात जुळवत होतो.

"दादा, मी कंपनीत..."

"गप," दादा म्हणाले. "पयल्या दिवाळीला आलास तवाच कळलं. कंपनीतलं माणूस जनावराच्या मागनं जाताना पुठ्ठ्यावर हात ठेवून जात नाही."

मी खाली पाहिलं. माझा हात अजून कालवडीच्या पुठ्ठ्यावरच होता.

"मग बोलला का नाही तुम्ही?"

दादांनी घराकडं बघितलं, आवाज खाली आणला. "ऐतवारी पोरीकडचे पाव्हणे यायलेत. कालवड उदगीरच्या बाजारातनं घेतली म्हून सांग. आन् तो निळा शर्ट घाल."